हस्तमुद्रा, हातांची ठेवण, प्रतीक: कोणता शब्द कुठे?

प्रश्न: कृष्णधवल व्यक्तिचित्रांवरच्या मराठी लेखात हातांसाठी 'हस्तमुद्रा' आणि हातातल्या वस्तूसाठी 'प्रतीक' लिहिले तर चालेल का? उदाहरण छायाचित्रकार स्टीगलिट्झने १९१९ मध्ये टिपलेल्या चित्रकार जॉर्जिया ओकीफच्या हातांचे आहे. बोटावर अंगुस्तान (शिवताना बोटात घालायची टोपी) आहे.

उत्तर: 'हस्तमुद्रा' टाळा. अभय, ध्यान, भूमिस्पर्श या मुद्रांचे अर्थ आधीच ठरलेले असतात, पाहणाऱ्याला ते शिकवलेले असतात. ओकीफच्या बोटांना असा कोश नाही. शिवाय मराठीत 'मुद्रा' चेहऱ्याचीही असते, त्यामुळे व्यक्तिचित्राच्या लेखात 'तिची मुद्रा शांत आहे' हे वाक्य हाताबद्दल की चेहऱ्याबद्दल, ते कळत नाही. 'हातांची ठेवण' लिहा. बोटे वाकलेली, मनगट वळलेले, पंजा कडेने दिसणारा, हे सगळे त्यात मावते.

अंगुस्तानाला मी प्रतीक म्हणणार नाही. ओकीफ स्वतःचे कपडे शिवत असत. अंगुस्तान हे त्यांच्या रोजच्या कामातले साधन आहे, म्हणून 'सूचक वस्तू' म्हणा. 'प्रतीक' हा शब्द शोभतो तो छायाचित्रकार टीना मोदोत्तीच्या १९२७ च्या मेक्सिकोतल्या रचनेला: विळा, काडतुसांचा पट्टा, गिटार. तिथे विळ्यामागे एका चळवळीचा सर्वमान्य अर्थ उभा आहे. (तिथे माणूस नाही, हेही लक्षात असू द्या.)

पुस्ती: 'आयुध'ही नको. मूर्तिशास्त्रात कमळसुद्धा आयुधांत मोजतात, पण छायाचित्रकार मॅन रेच्या १९२६ च्या छायाचित्रात किकी या मॉडेलने हाताने उभा धरलेला मुखवटा म्हणजे आयुध नव्हे. तिचे डोके टेबलावर आडवे, मुखवटा उभा. अर्थ या आडव्या-उभ्याच्या जोडीतून येतो, म्हणून तिथे 'जोडवस्तू' किंवा सरळ 'मुखवटा'च लिहावे.

वर्णन करताना एक तांत्रिक गोष्टही पाहावी. हात चेहऱ्यापेक्षा भिंगाच्या जवळ असला की मोठा दिसतो आणि दिवाही त्याच बाजूला असेल तर उजळही होतो, मग नजर आधी तिथेच जाते. डार्करूममध्ये चेहरा झाकून हाताला मूळ वेळेच्या १५-२० टक्के जादा प्रकाश कागदावर दिला की तो गडद होऊन दबतो. त्यामुळे 'हातांना प्राधान्य दिले आहे' असे लिहिण्याआधी हात मुद्दाम उजळ ठेवलाय की तसाच राहिलाय, ते ठशात (कागदावरच्या छापील छायाचित्रात) तपासा. अंगुस्तानाच्या छायाचित्रात हा घोळ होत नाही, कारण चौकटीत चेहराच नाही.