रॅगेड स्कूल म्युझियममधला 'व्हिक्टोरियन तास': शिक्षण की गरिबीचं नाटक?

पूर्वलंडनकर: पूर्व लंडनमध्ये माइल एंडला रीजंट्स कॅनॉलच्या काठी जुन्या गोदामांत हे म्युझियम आहे. अनाथ-गरीब मुलांसाठी काम करणाऱ्या डॉ. बर्नार्डोंनी १८७७ साली इथे गरिबांच्या पोरांसाठी फुकट शाळा, म्हणजे 'रॅगेड स्कूल', काढली, ती १९०८ पर्यंत चालली. आता तिथे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्यासारखं मुलांना बाकांवर बसवून हातात पाटी देतात आणि जुन्या पोशाखातल्या बाई दरडावून तास घेतात. मला हे अजिबात पटत नाही. उपाशीपोटी येणाऱ्या पोरांचे हाल असे तासाभरात कळतात का? 'ढ'ची टोपी (तेव्हा ढ ठरवलेल्या मुलाला शिक्षा म्हणून घालायचे ती) घालून फोटो काढायचे आणि घरी जायचं!

पाटीवाली: साफ चूक. माझी लेक शाळेच्या ट्रिपबरोबर गेली होती, बाईंनी रांगेत सगळ्यांची नखं तपासली तेव्हा तिचे हात आपोआप पाठीमागे गेले म्हणे, आणि घरी आल्यावर पहिला प्रश्न काय, तर घरात पाणीच नसेल तर ती मुलं हात कुठे धुवायची? पुस्तक वाचून हे विचारलं असतं का तिने?

इतिहासवेडा: +१. आणि फुकट शाळा म्हणजे काय ते समजून घ्या हो. १८७० च्या शिक्षण कायद्याने सरकारी बोर्ड शाळा आल्या तरी आठवड्याला काही पेन्स फी होतीच, ती बहुतेक ठिकाणी सुटली १८९१ नंतर. तोवर ज्यांच्याकडे तेवढेही नव्हते ती पोरं इथे यायची, वर खायलाही मिळायचं. तिथलं जुनं स्वयंपाकघर बघा, शेगडीवर तापवायची लोखंडी इस्त्री उचलून बघा, मनगट भरून येतं.

पूर्वलंडनकर: इस्त्रीला माझा विरोध नाहीच, वस्तू हाताळू द्याच. पण बर्नार्डोंच्या संस्थेने हजारो मुलं कॅनडाला पाठवली, काहींचे आईबाप जिवंत असताना! मुलं 'आधी किती फाटकी होती' हे दाखवायला मुद्दाम फोटो रचले म्हणून १८७७ मध्येच त्यांच्यावर टीका झाली होती. छडी आणि टोपीच्या नाटकात हे कुठे येणार?

पाटीवाली: मग ते मोठ्या मुलांना सांगा ना, जरूर सांगा. सात वर्षांच्या पोराला आधी त्या बाकावर बसू दे.

पूर्वलंडनकर: बसू दे, पण तास संपल्यावर त्याच बाकांवर बाईंनी साध्या आवाजात दहा मिनिटं खरं काय घडलं ते बोलायला हवं, सात वर्षांच्या मुलांशीसुद्धा. आणि टोपीचे फोटो बंद.

पाटीवाली: दहा मिनिटं मान्य. टोपी राहू द्या, ती घातलेल्या मुलाला कसं वाटलं हेच तर बोलायचंय.