किमाई टाइमशीट: इन्स्टॉल पूर्ण झाले, पण लॉगिनऐवजी ५०० एरर

प्रश्न
नमस्कार. आमच्या बारा जणांच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग कार्यालयात कोणत्या प्रकल्पावर किती तास गेले याची नोंद आजवर एक्सेलमध्ये होत असे आणि महिनाअखेरीस ती जुळवण्यात दोन दिवस जात. म्हणून डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) च्या सर्व्हरवर किमाई हे वेळनोंदीचे सॉफ्टवेअर बसवण्याचे ठरवले. पीएचपी ८.२ आणि मारियाडीबी १०.११ (डेटाबेस) ही डेबियनचीच पॅकेजे आहेत, वेब सर्व्हर एनजिनएक्स आहे. कंपोझरचे (पीएचपीची लागणारी पॅकेजे आणणाऱ्या साधनाचे) काम निर्विघ्न झाले. नंतर इन्स्टॉलची कमांड डेटाबेसचा पत्ता सदोष असल्याचे सांगून थांबली. डेटाबेसचा पासवर्ड बदलल्यावर, का कोण जाणे, ती पूर्ण झाली. आता ब्राउझरमध्ये केवळ ५०० एरर (सर्व्हरमधील अंतर्गत बिघाड) दिसते आणि किमाईच्या लॉग फाइलमध्ये त्याबद्दल एक ओळही नाही. सर्व कमांड रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून दिल्या आहेत.

पहिले उत्तर
आपल्या शेवटच्या वाक्यातच कारण आहे. रूटने कमांड चालवल्यामुळे ‘व्हार’ फोल्डरमधील कॅशे (तात्पुरत्या फाइली) आणि लॉग रूटच्या मालकीचे झाले आहेत, आणि पीएचपी मात्र डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरच्या नावाने चालते. त्याला कॅशे लिहिता येत नाही म्हणून एरर, आणि लॉगही लिहिता येत नाही म्हणून तक्रारीचा मागमूस नाही. संपूर्ण ‘व्हार’ फोल्डरची मालकी त्या युजरकडे द्यावी आणि यापुढील प्रत्येक कमांड, विशेषतः अपडेटच्या वेळी, सुडो वापरून त्याच युजरच्या नावाने चालवावी.

दुसरे उत्तर
जुन्या पासवर्डमध्ये हॅशचे चिन्ह (#) होते का? किमाईत डेटाबेसचा युजर, पासवर्ड, होस्ट आणि नाव हे सारे एकाच यूआरएलमध्ये लिहितात, आणि यूआरएलमध्ये हॅशला स्वतःचा अर्थ असल्याने पत्ता तिथेच तुटतो. केवळ अक्षरे आणि अंक असलेला लांब पासवर्ड ठेवला की हा प्रश्नच उरत नाही. आणखी एक गोष्ट आताच तपासावी: एनजिनएक्सचा डॉक्युमेंट रूट (ज्या फोल्डरमधून तो फाइली देतो ते ठिकाण) किमाईच्या मुख्य फोल्डरवर नव्हे, तर त्यातील ‘पब्लिक’ या फोल्डरवर असला पाहिजे. अन्यथा हाच पासवर्ड असलेली डॉट-ईएनव्ही ही सेटिंग्जची फाइल कोणालाही ब्राउझरमधून उतरवून घेता येण्याचा धोका राहतो.

प्रश्नकर्ता
हॅश होताच! मालकी बदलल्यावर लॉगिन झाले. आपणा दोघांचे आभार. मात्र सकाळी १० वाजता सुरू केलेली नोंद ४:३० ची दिसते. सर्व्हरचे घड्याळ भारतीय वेळेनुसार बरोबर आहे.

पहिले उत्तर देणारे
सर्व्हरच्या घड्याळाचा येथे संबंध नाही. किमाई डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीनुसार (जागतिक प्रमाणवेळेनुसार) साठवते आणि नोंद करताना युजरचा जो टाइमझोन असेल त्यानुसार दाखवते. आपल्या खात्याचा टाइमझोन यूटीसी राहिला असणार, म्हणून नेमका साडेपाच तासांचा फरक. युजरच्या प्राधान्यांमध्ये आशिया/कोलकाता निवडावा, आणि सिस्टीमच्या सेटिंग्जमध्येही तोच डीफॉल्ट ठेवावा, म्हणजे उरलेल्या अकरा जणांची खाती उघडताना पुन्हा तेच करावे लागणार नाही. नोंदीबरोबर तिचा टाइमझोनही साठवला जात असल्याने आधीच्या नोंदी यामुळे सुधारणार नाहीत. त्या चाचणीपुरत्याच असतील तर पुसून टाकाव्यात.