पथदिवे बदलले, वीज वाचली. प्रबंधात आता मोजू काय?

वीजशाखा_शेवटचं_वर्ष:
नमस्कार. शहरातल्या पथदिव्यांच्या आधुनिकीकरणावर माझी चार महिन्यांची इंटर्नशिप चालू आहे, प्रबंधही त्यावरच. 150 वॉटचे सोडियमचे दिवे काढून 70 वॉटचे एलईडी बसवलेत. सोडियमच्या दिव्याला जोडलेला चोक (करंट आवरणारं उपकरण) खातो ती वीज धरली तर एका खांबामागे साधारण 100 वॉट वाचतात. हा हिशेब एका पानात संपला.

पण परवा रात्री लक्स मीटर (उजेड मोजायचं यंत्र) घेऊन रस्त्यावर गेले. खांबाखाली 31 लक्स, दोन खांबांच्या मधोमध 3. चार-पाच आकड्यांची सरासरी 14 आली, म्हणजे कागदावर सगळं ठीक. त्याच वेळी त्या मधल्या पट्ट्यातून एक आजी काठी टेकत येत होत्या. दिव्याखाली आल्या तेव्हाच मला दिसल्या. तेव्हापासून विजेच्या बचतीवर लिहायला हातच उचलत नाही. हा अंधार प्रबंधात कसा मांडू?

लक्सवाला:
उजेड किती सारखा पसरलाय ते दाखवणारं गुणोत्तर द्या: सर्वांत कमी आकडा भागिले सरासरी. तुमचं 3 भागिले 14, म्हणजे 0.21. मुख्य रस्त्यांसाठी 0.40 अपेक्षित असतं. मात्र चार-पाच आकड्यांवर सरासरी काढू नका. युरोपीय मानक ईएन 13201 प्रमाणे खांबांमधलं अंतर 30 मीटरपर्यंत असेल तर लांबीत 10 बिंदू घ्यायचे, रुंदीत किमान 3. खडूने खुणा करा, मीटर जमिनीवर आडवा ठेवा, आणि आपलीच सावली त्यावर पडू देऊ नका. चांदणं नको.

रातपाळी_देखभाल:
बाळ, त्या आजी तुला दिसल्या, हे फार बरं झालं. मी बरीच वर्षं खांबांवर काम केलं. दिवे बदलतात, खांब तेच राहतात. खांबांचं अंतर जुन्या फिटिंगच्या हिशेबाने ठरलेलं असतं. एलईडीचा उजेड मात्र लेन्स जिकडे वळवेल तिकडेच जातो. अरुंद लेन्स लागली की खाली ढीग आणि मध्ये खड्डा. तेव्हा वॉटच्या आधी खांबाची उंची, अंतर, रस्त्याची रुंदी आणि फिटिंगचा कल लिहून काढ. बहुतेक ठिकाणी ही नोंद कुणाकडेच नसते. तुझ्या प्रबंधातून ती झाली तरी मोठं काम होईल.

अजून एक. मध्यरात्रीनंतर दिवे निम्म्यावर आणायची योजना असेल तर नीट बघ. तुझं 0.21 तेवढंच राहील, पण मधला 3 लक्स दीडवर येईल. बचतीच्या तक्त्यात हे दिसत नाही.

आणि फीडर पिलरही, म्हणजे दिव्यांना वीज देणारी रस्त्याकडेची पेटीही, उघडून बघ. आमच्याकडे भार निम्म्याहून कमी झाला, तरी संध्याकाळी लाइन लागताच एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप बंद होणारा स्विच) पडायची. दिवे लागण्याच्या क्षणी सगळे ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारे सर्किट, एकदम करंट ओढतात. कारण सापडेपर्यंत आख्खी गल्ली रोज अंधारात.

वीजशाखा_शेवटचं_वर्ष:
काका, खूप आभार. दिवे निम्म्यावर आणायचं इथेही ठरतंय, रात्री 11 नंतर. म्हणजे तो रस्ता दोनदा मोजावा लागेल, 11 च्या आधी आणि नंतर. खांबाच्या उंचीची नोंद खरंच कुठे नाही, विचारून झालं. लेन्सचा प्रकार कुठे सापडेल?

रातपाळी_देखभाल:
फिटिंगच्या माहितीपत्रकात उजेडाच्या पसरणीचा आलेख असतो. पुरवठादाराकडून त्याची फोटोमेट्रिक फाइलही माग, म्हणजे कुठल्या दिशेला किती उजेड जातो त्याचे आकडे. ती सॉफ्टवेअरमध्ये टाकून लेन्स बदलून पाहता येईल, शिडी लावायच्या आधीच.