मदत हवी आहे: लेकीवर बुद्धिबळ स्पर्धेत फसवणुकीचा तोंडी आरोप झाला, आता काय करावं?

नमस्कार मंडळी,

इथे बुद्धिबळ खेळणारे, शिकवणारे आणि एक-दोन आर्बिटरही (स्पर्धेचे पंच) आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून लिहितेय. जरा लांबलंय, पण पूर्ण वाचा ही विनंती.

माझी लेक सातवीत आहे. रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, १४८७. तीन आठवड्यांपूर्वी शेजारच्या जिल्ह्यात एका मंगल कार्यालयात रेटिंग स्पर्धा होती. चौथ्या फेरीत तिच्यासमोर १८०० च्या वरचा, कॉलेजात जाणारा मुलगा आला. हिच्याकडे काळी मोहरी. कॅरो-कान हे तिचं लाडकं ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली), तिने त्यावर वर्षभर मेहनत घेतली आहे. चौदाव्या चालीला त्याचा उंट अडकला, तो वाचवायला गेला तर हत्ती जायला लागला, आणि सव्विसाव्या चालीला त्याने डाव सोडला. मधल्या वेळात लेक दोनदा बाथरूमला जाऊन आली होती.

मुलाचे वडील हॉलच्या दारातच मोठ्याने म्हणाले, "चौदाशेची पोरगी असं खेळूच शकत नाही. सारखी बाथरूमला कशाला पळते?" आर्बिटर सरांनी लेकीला बाजूला घेतलं, मेटल डिटेक्टर फिरवला, एक ताई बाथरूम बघून आल्या. काही सापडलं नाही. निकाल कायम राहिला.

तपासणीबद्दल माझं काही म्हणणं नाही, ती व्हायलाच हवी. २००६ साली आपल्याच देशात एका खेळाडूच्या टोपीत ब्लूटूथ सापडलं होतं आणि भारतीय बुद्धिबळ महासंघाने त्याला १० वर्षं बंदी घातली. २०१९ मध्ये स्ट्रासबर्गच्या स्पर्धेत इगोर्स राउसिस बाथरूममध्ये फोनसह पकडला गेला, तो तर ग्रँडमास्टर होता. आर्बिटरने डोळ्यांत तेल घालून बघितलं नाही तर प्रामाणिक मुलांनी जायचं कुठे?

पण त्याच रात्री पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर डाव आला, सोबत एका अ‍ॅपचा स्क्रीनशॉट, 'अचूकता ९६ टक्के', म्हणजे तिच्या चाली संगणकाच्या चालींच्या इतक्या जवळ. खाली कुणीतरी लिहिलं, "आपल्याकडेही आता नीमन तयार व्हायला लागले." लेकीचं नाव कुणी घेतलं नाही, पण कळायचं त्यांना कळलं.

मी या हान्स नीमन नावाच्या अमेरिकन ग्रँडमास्टरचं सगळं प्रकरण तेव्हापासून वाचून काढलं. सप्टेंबर २०२२, सेंट लुइसची सिंकफील्ड स्पर्धा. काळ्या मोहऱ्यांनी त्याने तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसनला हरवलं आणि दुसऱ्या दिवशी कार्लसनने स्पर्धाच सोडली. नीमनने १२ आणि १६ व्या वर्षी ऑनलाइन फसवणूक केल्याचं स्वतः कबूल केलं होतं, आणि चेस डॉट कॉम या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटच्या अहवालात १०० पेक्षा जास्त ऑनलाइन डाव संशयास्पद ठरवले गेले. पण पटावर समोरासमोर खेळलेल्या डावांत फसवणुकीचा पुरावा निघाला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये फिडेने (जागतिक बुद्धिबळ महासंघाने) कार्लसनला सबळ कारण नसताना स्पर्धा सोडल्याबद्दल १०,००० युरो दंड केला, बेछूट आरोपाच्या मुद्द्यावर मात्र दोषी धरलं नाही. तिथे निदान चौकशी झाली, निकाल आला, कागद झाला. माझ्या लेकीवर लेखी आरोपच नाही, मग तिला निर्दोष ठरवणार कोण?

त्या ९६ टक्क्यांचं म्हणाल तर, समोरच्याचा उंट पंधराव्या चालीला गेल्यावर पुढच्या चाली बऱ्याचशा उघड असतात, आणि पहिल्या दहा तर पाठच होत्या. त्याच दिवशी पाचव्या फेरीत ती हरली, तो डाव मी त्याच अ‍ॅपमध्ये घालून पाहिला, अचूकता ७१ निघाली. तो स्क्रीनशॉट कुणी टाकला नाही. एका छोट्या डावावरून काहीच सिद्ध होत नाही, हे क्लासच्या सरांनीही सांगितलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. लॉकडाऊनमधल्या एका ऑनलाइन स्पर्धेत एक मुलगा सलग जिंकत होता, तेव्हा मीसुद्धा दोन आयांजवळ म्हटलं होतं, "शेजारी कुणीतरी बसलंय नक्की." माझ्याकडे काय पुरावा होता? काहीच नाही. ते आता रोज आठवतं.

आता मूळ गोष्ट. मागच्या रविवारी ती पुन्हा एक स्पर्धा खेळली. संध्याकाळी पिशवी रिकामी करताना पाण्याची बाटली हाताला जड लागली. सकाळी भरून दिली होती तशीच काठोकाठ. विचारल्यावर म्हणाली, "आई, पाणी प्यायलं की उठावं लागतं." पाच फेऱ्या, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, एप्रिलचं ऊन, आणि पोरगी घोटभर पाणी प्यायली नाही.

जाणकारांना विचारायचंय ते हे. फिडेच्या नियमांत उघड बिनबुडाचा आरोप करणाऱ्यावर कारवाईची तरतूद आहे. ती पालकाने दारात ओरडून केलेल्या आरोपालाही लावता येते का? आर्बिटर सरांकडे 'तपासणी केली, काही आढळलं नाही' असं दोन ओळींचं पत्र मागणं रीतीला धरून आहे का? की ते मागितल्याने आणखी बोभाटा होईल? आणि ज्यांच्या मुलांनी हे भोगलंय त्यांनी कृपया सांगा, मुलांशी काय बोललात?

नवऱ्याचं म्हणणं, सोडून दे, चार महिन्यांत लोक विसरतील. लोक विसरतीलही.

संपादन: प्रतिसादांत दोघांनी डावाची स्कोअरशीट, म्हणजे खेळाडूने लिहिलेली चालींची नोंद, आहे का असं विचारलंय म्हणून. हो, स्कोअरशीटचा फोटो आहे, तिच्याच हस्ताक्षरात, आणि दोन ठिकाणी चाल खोडून दुरुस्त केलेली आहे. त्या गृहस्थांचं किंवा अकादमीचं नाव मी इथे देणार नाही, कृपया व्यक्तिगत निरोपातही विचारू नका. त्या मुलाचा यात काही दोष नाही, डाव संपल्यावर त्याने लेकीशी हात मिळवून "छान खेळलीस" म्हटलं होतं.

पुढची स्पर्धा येत्या रविवारी आहे. ती "जाते" म्हणतेय, पण बाटली नको म्हणतेय. शनिवारपर्यंत कुणी काही सुचवू शकलं तर फार उपकार होतील.