हातानं केलेली भेटकार्डं: ठसा, शाई, मार्कर आणि तुमचे अनुभव

गेल्या महिन्यात आईला ७५ पूर्ण झाली. तिच्यासाठी कार्ड करायला बसले आणि पहिली तीन वाया गेली. चाफ्याचा ठसा सुरेख उमटला होता, काळाभोर, रेघ न रेघ स्वच्छ. पाच मिनिटं वाळू दिला, पिवळा अल्कोहोल मार्कर पाकळीवरून फिरवला आणि काळी रेघ पिवळ्यात ओघळली. पाकळी शेवाळी दिसायला लागली. वाटलं, शाई ओली राहिली असेल. दुसरा ठसा रात्रभर ठेवला, तरी तेच.

वाळण्याचा प्रश्नच नव्हता. माझा इंकपॅड 'परमनंट' होता, काचेवर आणि प्लास्टिकवरही उमटणारा. त्या शाईला मार्करमधलं अल्कोहोल पुन्हा विरघळवतं. अल्कोहोल मार्करखाली पाण्यावर आधारलेली डाय शाई (कागदात मुरणारी) लागते. मी आता मेमेंटोची काळी वापरते, ती जागची हलत नाही. पाण्याचे ब्रशपेन किंवा जलरंग वापरायचे असतील तर मात्र बरोबर उलट: तिथे ती परमनंटच हवी, नाहीतर पाणी लागताच रेघ पसरते.

चौथं कार्ड जमलं. आईनं ते देवघराशेजारच्या फडताळात उभं करून ठेवलंय.

एवढी साधी गोष्ट मला मराठीत कुठे लिहिलेली सापडली नाही, म्हणून हा धागा. तुम्ही कार्डं करत असाल तर लिहा: कोणासाठी केलंत, कुठल्या शाईवर कुठले मार्कर चालले, कुठे बिनसलं. मोठं लिहा, सविस्तर लिहा. फोटो नसला तरी चालेल.

डोंबिवली

मी ७१ वर्षांची. तुम्ही स्टॅम्प म्हणता, आम्ही छापे म्हणायचो. संक्रांत जवळ आली की शाळेतून आल्यावर बटाटा मधोमध कापून त्यात पतंग कोरायचा. भेंडीचा देठाकडचा काप म्हणजे आयतं फूल. बाटलीच्या झाकणात चिंधीची घडी घालायची, वर कॅमलची शाई ओतायची, हाच इंकपॅड. दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केलेला हा धंदा. आमच्या घरात 'शाई' म्हणजे कॅमलच. छापलेल्या पतंगात रंगीत पेन्सिली भरायच्या, खाली 'तिळगूळ घ्या, गोड बोला' लिहायचं आणि चिमूटभर हलवा कागदाच्या पुडीत घालून पाकिटात ठेवायचा. नुसतं कार्ड असेल तर पाकीट चिकटवायचं नाही, झाकण आत खोचायचं आणि वर 'बुक पोस्ट' लिहायचं. तिकीट कमी लागे.

तीन वर्षांपूर्वी पुतणसुनेनं मला पारदर्शक स्टॅम्पचा संच दिला. सुरुवातीला छाप फुटका यायचा, मधेमधे पांढरे ठिपके. नव्या स्टॅम्पवर एक गुळगुळीत थर असतो, त्यावर शाई थेंबाथेंबानं गोळा होते. साध्या खोडरबरानं स्टॅम्पचा पृष्ठभाग हलका घासला की थर जातो. शिवाय कागदाखाली जुना माऊसपॅड ठेवते. टेबल कुठे उंचसखल असेल तर तो सांभाळून घेतो.

रंगायला माझ्याकडे पाण्याचे स्केचपेनच आहेत. एका जागी दोनदा फिरवला की कागदाच्या गोळ्या निघतात. म्हणून पेन कागदाला लावतच नाही. दुधाच्या पिशवीचा धुतलेला तुकडा घेते, त्यावर रंग गिरवते आणि ओल्या कुंचल्यानं उचलून भरते. छटाही पडतात आणि कागदही शाबूत राहतो.

सॅन होजे

मला रंगांबद्दल लिहायचंय, विशेषतः त्वचेच्या.

माझ्याकडे कॉपिक मार्कर आहेत. एकदम संच घेणं परवडणारं नव्हतं, दर महिन्याला दोन-दोन असे आठ वर्षांत जमवले. जपानी आहेत, शाई संपली की पुन्हा भरता येते, टोक झिजलं तर बदलता येतं, त्यामुळे पहिला घेतलेला मार्कर अजून चालू आहे. टोपणावरचा क्रमांक वाचायला शिकलात तर निम्मं काम झालं. अक्षर म्हणजे रंगाचं कूळ: बी निळा, जी हिरवा, ई मातकट. पहिला आकडा रंग किती शुद्ध ते सांगतो. ० म्हणजे झळझळीत, ९ म्हणजे राखेकडे झुकलेला. शेवटचा आकडा फिका की गडद ते सांगतो. छटा एकमेकींत मिसळायच्या असतील तर अक्षर तेच, पहिला आकडा तोच आणि शेवटच्या आकड्यात दोन-तीनचं अंतर.

मी ज्यांच्याकडून शिकले त्या सगळ्या बायका त्वचेसाठी ई ०० आणि ई ११ घ्या म्हणायच्या. मीही वर्षभर तेच घेत होते. स्टॅम्पमधली मुलगी पतंग उडवत असो नाहीतर केक कापत असो, गुलाबीच असायची. मुलीच्या सहाव्या वाढदिवसाला मी अशीच एक दोन वेण्यांची मुलगी रंगवली, केस काळे केले, फ्रॉक तिच्यासारखाच पिवळा. लेक म्हणाली, "ही मी नाही. ही मॅडिसन आहे." मॅडिसन तिच्या बाकावर बसायची.

त्या रात्री ई ३३, ई ३५ आणि ई ३७ मागवले. आठवडाभर नुसत्या गोल चेहऱ्यांवर सराव केला. आधी पूर्ण चेहरा ई ३३ नं ओला करायचा, मग कपाळाच्या कडेला, हनुवटीखाली आणि केसांच्या सावलीत ई ३७, त्याची कड ई ३५ नं मोडायची आणि शेवटी परत ई ३३ सगळ्यावरून. कागद ओला असतानाच हे सगळं उरकायचं, मधे उठायचं नाही. गालांवर थोडासा विटकरी चालतो, गुलाबी नाही. कागद मी नीनाचा सोलर व्हाइट वापरते. साध्या प्रिंटरच्या कागदावर रंग रेघेबाहेर फुटतो. मार्कर आरपार जातो, तेव्हा खाली रद्दीचा कागद हवाच, आणि रंगवलेला तुकडा वेगळा कापून कार्डावर चिकटवायचा, म्हणजे मागचे डाग दिसत नाहीत.

सातव्या वाढदिवसाचं कार्ड तिनं वर्गात नेलं. आता ती अकरा वर्षांची आहे आणि आजीला पाठवायची कार्डं स्वतः रंगवते. आजीची त्वचा तिनं ई ३५ पासून सुरू केली, का विचारलं तर म्हणाली, "आज्जी उन्हात वाळवण घालते ना."

नाशिक

बाबा ड्राफ्ट्समन होते. चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. ज्या हातानं आयुष्यभर रेघा मारल्या तोच. सहा महिने त्यांनी पेन्सिलीकडे बघितलंही नाही.

मी कार्डं करायचे, तेव्हा ते टेबलाच्या पलीकडून बघायचे. एक दिवस माझ्या हातातला मार्कर डाव्या हातानं ओढून घेतला आणि जास्वंदीचं एक पान भरलं. रेघेबाहेर गेलं, पण तिथपासून रोज बसायला लागले.

एका हातानं काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी लिहिते. पहिली, स्टॅम्प बसवायचा प्लॅटफॉर्म. कागद लोहचुंबकानं जागच्या जागी धरला जातो आणि स्टॅम्प वरच्या झाकणाला चिकटलेला असतो. झाकण मिटलं की छाप. फिका आला तर शाई लावून परत मिटायचं, रेघ केसभरही हलत नाही. बाबांना हे यंत्र फार आवडलं. ते म्हणतात, हा आमचा ड्रॉइंग बोर्डच आहे. दुसरी गोष्ट टोपणांची. दोन्ही बाजूंना टोक असलेल्या मार्करचं टोपण एका हातानं निघत नाही. आमच्या सुतारानं लाकडाच्या ठोकळ्यात बारा भोकं पाडून दिली. टोपणं त्यात घट्ट बसतात, बाबा नुसता मार्कर वर उपसतात आणि काम झालं की परत खोचतात. रात्री मी सगळे काढून आडवे ठेवते, कारण उभे ठेवले तर शाई एका टोकाला उतरते आणि दुसरं कोरडं पडतं.

यंदा दिवाळीला त्यांनी ३४ कार्डं केली. एकेका पणतीला दोन दिवस लागले. ऑफिसातल्या जुन्या सगळ्या सहकाऱ्यांना पाठवली, पत्ते मी लिहिले. आत मजकुराखाली सही मात्र त्यांनीच केली, डाव्या हाताची, नवीन.

मिल्टन कीन्स, इंग्लंड

नाशिकच्या ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. चौकोनी ठोकळ्याची कल्पना मी उचलते आहे, माझ्या शेजारच्या आजींचे दोन्ही हात संधिवातानं आखडलेत.

माझा अनुभव टपालाचा. फोम टेपवर फुलं उचलून चिकटवायची मला हौस. इथे साध्या पत्राची जाडी ५ मिलिमीटरपर्यंतच चालते. माझं कार्ड त्याहून जाड झालं आणि उरलेला टपालखर्च ज्या मैत्रिणीला पाठवलं तिला भरावा लागला. ते पण सांत्वनाचं कार्ड होतं. आजही आठवलं की वाईट वाटतं. आता पुठ्ठ्यात ५ मिलिमीटरची फट कापून ठेवलीय. पाकीट त्यातून सहज सरकलं तरच पोस्टात टाकते. फोमऐवजी कागदाचे दोन थर एकमेकांवर चिकटवते, उठाव पुरेसा येतो.

आणखी एक सांगते, कारण मला ते कळल्यावर फार आनंद झाला होता. छापील नाताळ कार्डांमधलं पहिलं मानलं जातं ते १८४३ चं, लंडनचं. हेन्री कोल नावाच्या गृहस्थाला पत्रं लिहायला वेळ नव्हता, म्हणून त्यानं जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं आणि १००० प्रती छापल्या. छापल्या फक्त रेघा. रंग एकेका प्रतीवर हातानं भरले होते. किंमत १ शिलिंग. म्हणजे तयार रेघ घेऊन तिच्यात आपला रंग भरायचा, हे आपण टेबलावर करतो ते काम तेव्हापासूनचं आहे. 'यात तुमचं असं काय आहे, चित्र तर आयतं' असं मला कोणी म्हणालं की मी हे सांगते.

मडगाव

पावसाळ्याबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. जून ते सप्टेंबर आमच्याकडे कार्डस्टॉक, म्हणजे कार्डाचा जाड कागद, पापडासारखा वळतो. मी कागद झाकणाच्या डब्यात सिलिकाच्या पुड्या घालून ठेवतो आणि वर जड पुस्तकं. एम्बॉसिंग पावडर (ओल्या छापावर भुरभुरून गरम हवेनं वितळवतात, म्हणजे रेघ उठून दिसते ती) छापाबाहेरही चिकटते, कारण कागदच दमट असतो. आधी कागदावरून हीटगन फिरवून घ्यावी, मग छाप, मग पावडर. पारदर्शक स्टॅम्प पिवळे पडले तर टाकू नका. छाप तसाच येतो. चतुर्थीची कार्डं मी मे महिन्यातच छापून ठेवतो आणि पावसात नुसती रंगवतो.

टोकियो

इथे नव्या वर्षाला नेंगाजो पाठवतात. १५ ते २५ डिसेंबरच्या दरम्यान पेटीत टाकलेली पोस्टकार्डं टपालखातं राखून ठेवतं आणि १ जानेवारीला सगळ्यांच्या घरी एकदम पोचवतं. त्यावर बारा प्राण्यांच्या चक्रातला त्या वर्षाचा प्राणी असतो. पुष्कळ लोक खोडरबर कोरून स्वतःचा ठसा करतात, मीही शिकले. ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीनं चित्र काढायचं, पालथं घालून रबरावर घासायचं. चित्र उलटं उतरतं, म्हणजे छाप सुलटा येतो. २०२४ चा ड्रॅगन मला कोरता आला नाही, २०२५ चा साप मात्र झकास जमला.

त्या सापाची वीस कार्डं तयार होती. नोव्हेंबरमध्ये खालच्या मजल्यावरच्या आजींचं करड्या रंगाचं पोस्टकार्ड आलं. घरात कोणी गेलं असेल तर लोक आधीच असं कळवतात, म्हणजे त्यांना शुभेच्छा पाठवू नयेत. त्यांचे यजमान गेले होते. मला कळलंही नव्हतं, एकाच इमारतीत राहतो तरी. त्यांच्यासाठीचं कार्ड बाजूला काढलं. अशा घरी ७ जानेवारी उलटल्यावर थंडीत प्रकृतीची विचारपूस करणारं वेगळं कार्ड पाठवायची पद्धत आहे. त्यासाठी एक साधी डहाळी कोरली, करड्या शाईत छापली आणि एकाच कळीला अगदी फिका निळा लावला. लाल लावायचं मनातही आलं नाही. त्या दार वाजवून आल्या, कार्ड हातात होतं. आम्ही दोघी जिन्यात उभ्या राहून बराच वेळ बोललो.

सोलापूर

मला अनुभव नाही, प्रश्न आहे. माझी मावशी मार्चमध्ये गेली. तिच्या कपाटात बिस्किटांचा डबा सापडला, त्यात छापून ठेवलेली, न रंगवलेली ४६ चित्रं. कमळं, कोकिळा, एक बैलगाडी. मागे पेन्सिलीनं नावं लिहिलीत: कोणतं कोणासाठी. माझ्या नावाची बैलगाडी आहे. ती मला रंगवून पूर्ण करायची आहेत आणि त्या-त्या माणसाला द्यायची आहेत. पण तिनं कुठली शाई वापरली ते माहीत नाही, इंकपॅड सापडला नाही. वरचं पहिलं वाचून भीती वाटली. एकही वाया गेलेलं चालणार नाही.

(धागाकर्ती, पुणे) चित्रावर आधी काहीच करू नका. डब्यात एखादा नाव नसलेला, चुकलेला छाप आहे का बघा. तो नसेल तर चित्राच्या बाहेर, कापून टाकता येईल अशा कडेला शाईचा एखादा पुसट ठिपका किंवा ठशाच्या कडेची खूण असते, ती शोधा. तिथे सगळ्यात फिका अल्कोहोल मार्कर फक्त टेकवा आणि मिनिटभर थांबा. काळं बाहेर आलं नाही तर अल्कोहोल मार्कर चालतील. आलं, तर दुसऱ्या कडेला ओला कुंचला टेकवून बघा, पसरलं नाही तर जलरंग. दोन्हींत पसरलं तर कोरड्या रंगीत पेन्सिली आहेतच, त्या कुठल्याही शाईवर चालतात.

(सोलापूर) तळाशी एक अर्धवट उमटलेली कोकिळा होती, मागे नाव नव्हतं. तुम्ही सांगितलंत तसा फिका पिवळा टेकवला. दहा मिनिटं बघत बसले. रेघ हलली नाही. रविवारी बैलगाडीपासून सुरू करते.