विषय: फेब्रुवारीचा प्रयोग, आणि पैसे नेमके कुणाला?

प्रेषक: युवा गट

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत मराठी शाळेतली मुलं आणि आम्ही थोडी मोठी मिळून दोन एकांकिका बसवतोय. मध्यंतरानंतर ढोल-ताशा. हॉल 200 खुर्च्यांचा, तिकीट 12 पौंड. खर्च वजा जाता जे उरेल ते आपल्या भागातल्या युथ क्लबला द्यावं, असं आमचं म्हणणं. कौन्सिलने अनुदान कमी केल्यापासून तो आठवड्यातून दोनच संध्याकाळी उघडतो. मंडळातली निम्मी मुलं तिथे टेबल टेनिस खेळायला जातात. घरी सांगत नसतील तर आता कळलं.

त्यातला काही भाग क्लबसाठी सह्यांची मोहीम चालवणाऱ्या मुलीला मानधन म्हणून जावा. ती 19 वर्षांची आहे आणि कौन्सिलच्या बैठकीत उभी राहून बोलते. पण शनिवारी सुपरमार्केटात काम करते, आणि मोहिमेसाठी पाळी सोडली की त्या दिवसाचे पैसे जातात.

एक आधीच सांगते. गेल्या वेळी 'युवा उपक्रमांसाठी' जमलेल्या पैशांतून 60 टी-शर्ट आणि दोन-दोन फुटी ट्रॉफ्या आल्या. माझ्या ट्रॉफीवर आई मोजे वाळत घालते. या वेळी ट्रॉफ्या नकोत.

---

प्रेषक: कार्यकारिणीतले एक

कार्यक्रम जोरात होऊ दे. पण ज्याने त्याने समाजकार्य आपल्या वेळेत करावं. त्याचे पैसे कसले घ्यायचे? आणि द्यायचेच असतील तर गावाकडच्या कार्यकर्त्यांना द्या, तिथे पौंडाचं मोल जास्त.

---

प्रेषक: काका (दर महिन्याला लांबलचक मेल लिहिणारे, तेच)

"पैसे कसले घ्यायचे" हे वाचलं आणि राहवलं नाही.

ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. डॉ. श्रीराम लागू, बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर अशी माणसं त्यामागे होती. निधीसाठी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे गावोगाव प्रयोग लावले. नाटक 1936चं, आणि काम करायला स्वतः लागू, निळू फुले, तनुजा, सुधीर जोशी. जमलेल्या रकमेला हात लावायचा नाही, व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन द्यायचं, अशी ती कल्पना. इमारत नाही, फलक नाही. माणसाला पैसे.

आमच्या गावी प्रयोग आला तेव्हा मी बारा-तेरा वर्षांचा. वडील मास्तर, त्यामुळे तिकिटांची पुस्तकं आमच्या घरी. मी दाराशी उभा राहून तिकिटं फाडत होतो, अर्धी माणसाच्या हातात, अर्धी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात. खरं सांगायचं तर निम्मं गाव तनुजाला बघायला आलं होतं. त्यात वाईट काही नाही, नाटकाला माणसं नट बघायलाच येतात. पण बाजार समितीतला एक हमाल तिकीट हातात धरून अडून राहिला. विचारत होता, हे पैसे कुणाला जाणार? वडील म्हणाले, "जी माणसं दुसऱ्यासाठी राबतात, त्यांच्या घरच्या पिठाला." त्याने मान डोलावली आणि आत गेला. प्रयोग संपेपर्यंत मी त्या डब्यावर बसून होतो, कुणी पळवेल म्हणून.

निळू फुले आणि राम नगरकर दोघंही राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेले. सेवा दल 1941चं. गाणी, वगनाट्यं घेऊन गावोगाव फिरायचं हे त्या पोरांना कुणी 'इव्हेंट' म्हणून शिकवलं नव्हतं. त्याआधी अंगमेहनतीची कामं केलेली माणसं होती ती. सुट्टी पडली की चूल थंड, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

आता आपली 19 वर्षांची मुलगी. शनिवारची पाळी सोडते, ते तिचं पीठच आहे. आपण घसघशीत पगार घेणारी माणसं तिला "आपल्या वेळेत कर" म्हणणार? मला नाही पटत.

---

प्रेषक: खजिनदार

काकांचं वाचून डोळे भरले, पण हिशोब मलाच द्यायचाय.

भारतात पैसे पाठवायचे तर घेणाऱ्या संस्थेकडे परदेशी निधीची परवानगी लागते. 2020च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावी लागते, आणि घेणाऱ्या संस्थेला ती पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी वैयक्तिक विचार करावा. दीड-दोन हजार पौंडांसाठी मंडळाने त्यात पडू नये.

इथलं सोपं आहे. आपण नोंदणीकृत चॅरिटी आहोत. क्लब सुरू राहावा म्हणून मोहिमेला मदत करता येते, मात्र कुठल्याही पक्षाला किंवा उमेदवाराला नाही. पत्रकावर पक्षाचं चिन्ह दिसलं तर मी चेकवर सही करणार नाही. मुलीच्या हातात थेट रोख देण्यापेक्षा रक्कम क्लबकडे द्यावी आणि क्लबने तिचे तास मोजून द्यावेत. तिलाही पगाराची पावती मिळेल.

आता गिफ्ट एड, म्हणजे देणगीवर सरकार वरून जे पैसे घालतं ते. गेल्या वर्षी तीन जणांनी माझ्याशी यावरून वाद घातला, म्हणून पुन्हा लिहिते. तिकिटावर गिफ्ट एड मिळत नाही. तिकीट ही खरेदी आहे, देणगी नव्हे. तिकीट 12चंच ठेवा आणि देणगीचा रकाना वेगळा, ऐच्छिक ठेवा. इथे पुरेसा कर भरणाऱ्याने 8 पौंड दिले तर सरकारकडून वर 2 मिळतात. फॉर्मवर पूर्ण नाव आणि घरचा पत्ता हवा, 'वहिनी' असं लिहून चालत नाही. कर न भरणाऱ्या विद्यार्थ्यांनी खूण करू नये.

हॉल, दिवे, ध्वनी मिळून 900 धरलेत. सगळी तिकिटं गेली तर 1500 उरतात. यात एकांकिकांच्या लेखकांचं मानधन दिसलं नाही. कार्यकर्तीच्या मानधनासाठी प्रयोग करायचा आणि लेखकाचं बुडवायचं, हे कसं?

---

प्रेषक: युवा गट

बरोबर पकडलंत ताई. एक एकांकिका आमचीच आहे. दुसरीच्या लेखकांना आज मेल केलाय, ते म्हणतील ते देऊ. त्यांनी नकार दिला तर आमचीच अर्ध्या तासाने वाढवू, बघणाऱ्यांचं नशीब.

क्लबमार्फत तास मोजून द्यायचं तिला विचारलं. तिचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे मला टाइमशीट भरावी लागेल?" हो म्हटलं.

काका, दारावर तिकिटं फाडायला तुम्हीच बसा. डबा आम्ही देतो.

---

प्रेषक: स्वयंपाकघर

चर्चा झाली असेल तर बटाट्यांकडे या. मध्यंतराला 250 वडे लागतील, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सोलायला चार माणसं हवीत. मागच्या वेळी आठ नावं आली होती आणि प्रत्यक्षात दोघी होतो. नावासमोर फोन नंबर लिहा.