अनुभव धागा: इंग्रजी साहित्याच्या नेट-सेटची उजळणी तुम्ही कशी केलीत?

एम.ए. इंग्रजी करून नेट-सेटच्या, म्हणजे कॉलेजात प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षांच्या, मागे लागलेले आपल्यात बरेच आहेत. पुस्तकं कुठली घ्यावीत यावर भरपूर लिहून झालंय. मला विचारायचंय ते उजळणीचं. एकदा वाचून झालेलं शेवटच्या महिन्यांत परत वर कसं काढलंत? दुसऱ्या पेपरला शंभर प्रश्न, दोनशे गुण आणि चॉसरपासून संशोधनपद्धतीपर्यंत दहा घटक. 'मेहनत करा, फळ मिळेल' असलं नको, प्रत्यक्ष काय केलंत ते लिहा.

सुरुवात मीच करते. तासिका तत्त्वावर शिकवत होते, म्हणजे सकाळ कॉलेजात आणि दुपार एसटीत. कालानुक्रम लावायचे प्रश्न हमखास येतात आणि नुसती सुटी सुटी सालं पाठ करून काही उरत नाही. म्हणून मी मोजकी सालं खुंट्यांसारखी ठोकली आणि बाकीचं त्यांना अडकवलं. 1798 म्हणजे 'लिरिकल बॅलड्स'. वर्ड्‌स्वर्थची प्रसिद्ध प्रस्तावना मात्र 1800च्या दुसऱ्या आवृत्तीतली. 1847 म्हणजे 'जेन आयर' आणि 'वदरिंग हाइट्स'. 1859 तर घबाडच! डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ, मिलचं 'ऑन लिबर्टी', डिकन्सची 'अ टेल ऑफ टू सिटीज', जॉर्ज एलियटची 'अ‍ॅडम बीड', सगळं त्या एका वर्षातलं. 1922 मध्ये 'युलिसीस' आणि 'द वेस्ट लँड'. पाठकोऱ्या कागदांवर एका कागदाला एक साल असं लिहून स्वयंपाकघरात ओट्यासमोर चिकटवलं होतं. दोन खुंट्यांच्या मधलं पुस्तक आलं की निदान आधीचं की नंतरचं एवढं तरी नक्की सांगता येतं, आणि पर्याय गाळायला बहुतेकदा तेवढं पुरतं.

उंबरठा: मला सिद्धान्तांची धास्ती होती. पुस्तक मिटून कुणाला तरी समजावून सांगायचं, हीच माझी उजळणी. श्रोता म्हणजे आमच्या जाऊबाई, दहावी शिकलेल्या. संध्याकाळी त्या भाकऱ्या थापायच्या, मी तव्यावर बघायचे आणि भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर सांगायचे. त्याचं भाषाविज्ञानाचं पुस्तक 1916चं, तो वारल्यानंतर इतरांनी विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून तयार केलेलं, असं म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे त्यानं स्वतः लिहिलंच नाही? मग त्याचंच म्हणणं आहे कशावरून?" हा प्रश्न आमच्या वर्गात कुणी विचारला नव्हता. पुढे फ्रेंच विचारवंत देरिदाचं 1966चं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातलं व्याख्यान, फ्रेंच समीक्षक बार्थचा लेखकाच्या मृत्यूवरचा निबंध, पाश्चात्त्यांनी पूर्वेकडची प्रतिमा कशी रंगवली यावरचं सईदचं 1978चं 'ओरिएंटॅलिझम', सगळं त्यांच्यासमोर मांडलं. जिथे त्यांना कळलं नाही तिथे मलाच कळलेलं नव्हतं, मग तेवढा भाग परत मुळातून वाचायचा. मार्गदर्शिकेतल्या तक्त्यात नाव आणि संज्ञा जोडलेली मिळते, पण विधान आणि कारण यांचा प्रश्न आला की युक्तिवाद माहीत असावा लागतो.

गोदाकाठ: भाषेचा घटक लोक सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. आपण मराठी माध्यमाची मुलं त्यात पुढे असतो! व्यंजनांची उच्चारस्थानं आपल्याला वर्णमालेनंच शिकवलीत: कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. घोष-अघोष हवं असेल तर क आणि ग म्हणताना गळ्यावर बोट ठेवा, ग म्हणताना (घोष) कंप जाणवतो, क म्हणताना (अघोष) नाही. मी इंग्रजीची 24 व्यंजनं आपल्या क-वर्ग, च-वर्ग वगैरेंशेजारी मांडली आणि फक्त न जुळणारी वेगळी पाठ केली. 'थिंक'मधला पहिला ध्वनी आपला थ नाही. आपण हवा अडवून सोडतो, तिथे ती घासत बाहेर जाते.

पिंपळपान: 'भारतातील इंग्रजी' या घटकाला माझी तीन सालं: 1835 मेकॉलेचं इंग्रजी शिक्षणाची बाजू घेणारं टिपण, 1854 वुडचा शिक्षणविषयक खलिता, 1857 मुंबई-कलकत्ता-मद्रास विद्यापीठं. आणि अरुण कोलटकरांची इंग्रजी कवितांची 'जेजुरी' 1976 (राष्ट्रकुल पारितोषिक 1977). ही तरी मूळ इंग्रजीतून वाचा हो, छोटी आहे.

थेम्सकाठची आई: आम्ही इंग्लंडात, लेकीची इंग्रजी साहित्याची ए-लेव्हल (इथली बारावीसारखी परीक्षा) झाली. इथे पर्यायी उत्तरांतून निवडायचं नसतं, निबंधच. काही पेपरांना पुस्तक जवळ ठेवू देतात, पण कोरी प्रत, समासात एक अक्षर लिहिलेलं चालत नाही. लेखनाचा काळ आणि वेगवेगळे अन्वयार्थ यांनाही गुण असतात. ती अवतरणं अगदी तीन-चार शब्दांचीच निवडायची. मी घड्याळ घेऊन बसायचे आणि तिच्या प्रत्येक विधानाला "कशावरून?" एवढंच विचारायचे. उंबरठा, तुमच्या जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा.

रानवाट: जुने पेपर घड्याळ लावून सोडवा. नेटला दोन्ही पेपर सलग, तीन तास, संगणकावर; तेवढा वेळ एका जागी बसायची सवय लागते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

धागाकर्ती: गोदाकाठ, स्वरांचं काय केलंत? माझं तिथेच अडतं.

गोदाकाठ: तिथे वर्णमाला पुरत नाही. 12 साधे, 8 संयुक्त. साध्या स्वरांसाठी जिभेचा नकाशा रोज कोऱ्या कागदावर काढा: पुढे-मागे, वर-खाली. संयुक्त स्वर त्याच नकाशावर बाणांनी दाखवा, कुठून निघून कुठे जातो ते. माझा तक्ता उद्या स्कॅन करून इथेच टाकतो.